परसाची नोंदवही : सावतोबांच्या मळ्यातील मिरची आणि ऋतुनिरीक्षणाची मराठी परंपरा

१

भारतीय साहित्यातील ऋतुवर्णनाचा तौलनिक अभ्यास प्रामुख्याने तीन वाटांनी झाला आहे : संस्कृतातील षड्ऋतुवर्णन, उत्तर भारतीय भाषांतील बारामासा आणि प्राचीन तमिळ काव्यातील तिणै-व्यवस्था. या तिन्ही परंपरांत वनस्पती विपुल आहेत आणि त्यांच्या फुलण्याचे काळही काटेकोर आहेत. परंतु तेथील ऋतू हा प्रायः विरहाचा किंवा मीलनाचा सहचर असतो. मागील दाराशी कोणीतरी रोज दोन घागरी पाणी घालून वाढविलेले वांगे, मांडवावर चढलेले पडवळ, विहिरीच्या कडेचे अळू यांना त्या काव्यात क्वचितच जागा मिळते. प्रस्तुत निबंधाचा विषय ही मागील दाराची बाग, म्हणजे परस, हा आहे. परसातील फुले आणि भाज्या वर्षभर वाढताना पाहणे हा मानवाचा अत्यंत जुना व्यवसाय होय. या निरीक्षणाची नोंद मराठी संस्कृतीने कोठे आणि कोणत्या रूपात ठेवली, हा येथे उपस्थित करावयाचा प्रश्न आहे.

२

तुलनेसाठी प्रथम अठराव्या शतकातील दोन इंग्रजी नोंदवह्या पाहू. इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील सेल्बर्न या खेड्यात राहणाऱ्या गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) या धर्मोपदेशकाने १७५१ मध्ये बागेची दैनंदिनी लिहिण्यास प्रारंभ केला. कोणते बी कधी पेरले, खरबुजांच्या वाफ्याला ऊब मिळावी म्हणून शेणखत किती घातले, काकडी कधी धरली, पहिले थंडीचे दव कधी पडले, अशा त्या नोंदी आहेत. १७६८ पासून त्याने निसर्गनिरीक्षणाची स्वतंत्र रोजनिशी ठेवली आणि ती मृत्यूच्या वर्षापर्यंत चालविली. १७८९ चे शीर्षकवर्ष धारण करणारा त्याचा सेल्बर्नविषयक ग्रंथ इंग्रजी निसर्गलेखनाचा आद्य ग्रंथ मानला जातो. त्याची मुळे या भाजीच्या वाफ्यांत आहेत.

दुसरी नोंदवही टॉमस जेफर्सनची. ३० मार्च १७६६ रोजी जांभळा हायसिंथ फुलू लागल्याच्या नोंदीने ती सुरू होते आणि १८२४ पर्यंत चालते. मॉन्टिचेलो येथील डोंगरउतारावर त्याने १,००० फूट लांबीची भाजीची बाग तयार करविली आणि तीत भाज्यांचे ३०० हून अधिक प्रकार लावून पाहिले. वाटाणा केव्हा पेरला, केव्हा फुलला, केव्हा ताटात आला, याची त्याने वर्षानुवर्षे नोंद केली. ही वही १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

या दोन्ही वह्यांचे मोल निर्विवाद आहे. तारीख, वनस्पती आणि घटना या तीन स्तंभांत त्यांनी ऋतू पकडला. आजचे हवामान-अभ्यासकही अशा जुन्या नोंदींकडे वळतात. तथापि या स्तंभांत एक चौथा स्तंभ नाही : हाताचा. व्हाइटच्या बागेत थॉमस होअर हा सेवक अनेक वर्षे राबला. जेफर्सनची ती बाग डोंगर खोदून सपाट करणारे हात गुलामांचे होते. वर्मली ह्यूज हा तेथील माळी गुलाम होता आणि १८२६ मध्ये जेफर्सनची कबरही त्यानेच खणली. या गुलामांच्या झोपड्यांलगत त्यांचे स्वतःचे छोटे परस होते, हे आपल्याला बागेच्या वहीतून उमगत नाही. ते उमगते घरखर्चाच्या हिशेबावरून. जेफर्सनची नात ॲन कॅरी रँडॉल्फ हिने १८०५ ते १८०८ या काळात गुलामांकडून काकड्या, कोंबड्या, अंडी विकत घेतल्याचे हिशेब लिहून ठेवले आहेत. तेव्हा ज्यांचे परस पाहावयाचे असतील त्यांनी लिहिलेली वही मिळणार नाही, हे गृहीत धरून अन्य कागदांकडे वळावे लागते. मराठी परसाच्या इतिहासाला हा धडा विशेष उपयोगी आहे.

३

मराठी राज्यकारभारात लेखनाची उणीव नव्हती. हिशेब होते, रोजनिशा होत्या, आज्ञा होत्या. परंतु परसातील वेल हा त्या लेखनाचा विषय नव्हता आणि वेलाला पाणी घालणाऱ्या स्त्रीच्या हाती लेखणी नव्हती. तरीही परस लेखनात शिरतो, तो आडवाटेने. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ हे राजनीतीचे पुस्तक. त्यातील दुर्गप्रकरणात गडावरील स्वच्छतेविषयी एक आज्ञा आहे. वाटांवर, बाजारात, तटालगत केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागोजाग जाळावा. त्याची राख परसात टाकून घरोघर होईल तो भाजीपाला करवावा, असा तिचा आशय आहे.

ही आज्ञा लहान असली तरी तिच्यात बरेच काही सामावले आहे. गडावर घरोघर परस असणे हे येथे गृहीत आहे. केर, राख आणि भाजी यांचे चक्र ठाऊक आहे. वेढ्याच्या प्रसंगी गडाला तगवणाऱ्या सामग्रीत दारूगोळ्याप्रमाणे घरच्या भाजीचाही विचार झाला आहे. व्हाइट ‘आज पेरले’ असे लिहितो. आज्ञापत्र ‘करवावे’ असे सांगते. इंग्रजी नोंद घडून गेलेल्या दिवसाची आहे, मराठी नोंद पुनःपुन्हा घडावयाच्या कृतीची आहे. हा फरक केवळ क्रियापदाच्या रूपाचा नाही. परसाविषयीचे मराठी ज्ञान बव्हंशी विध्यर्थात, म्हणजे आज्ञेत, व्रतात आणि रिवाजात साठविलेले आढळते.

याचे सर्वांत परिचित उदाहरण भाद्रपद शुद्ध पंचमीचे. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काहीही खावयाचे नाही, असा दंडक आहे. नांगरटीचे धान्य वर्ज्य. चालते ते मनुष्याच्या हाताने परसात पिकविलेले. अळू, लाल माठ, अंबाडी, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, भोपळा, मक्याची कणसे, असे एकत्र शिजविलेले पातेले म्हणजे ज्येष्ठात पेरलेला परस भाद्रपदापर्यंत कोठवर आला, याचा वार्षिक ताळेबंदच होय. कोणते पान या पंधरवड्यात कोवळे असते, कोणता वेल धरलेला असतो, हे त्या पातेल्यात नोंदविलेले आहे. त्याआधी दोन दिवस हरतालिकेसाठी आणि एक दिवस गणपतीसाठी पत्री गोळा होते. तीत परसातील तुळस-डाळिंबाबरोबर कुंपणाचा आघाडाही येतो. मुली पत्रीसाठी हिंडतात तेव्हा पाने ओळखण्याची परीक्षाही होऊन जाते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ऋषिपंचमीच्या व्रताची पारंपरिक उपपत्ती रजस्वलादोषाच्या प्रायश्चित्ताची आहे. ज्या स्त्रीच्या हाताने परस वाढला, त्याच स्त्रीच्या देहाला दोषी ठरविणाऱ्या व्रतात तिचे ज्ञान साठविले गेले, हा विसंगतीचा भाग नजरेआड करून परंपरेचे कौतुक करणे इतिहासाला धरून होणार नाही. जेफर्सनच्या वहीत हात अनुल्लेखाने झाकला गेला. येथे तो प्रायश्चित्ताने झाकला गेला.

४

आता ऋषिपंचमीच्या त्याच पातेल्याकडे पुन्हा पाहू. ऋषींच्या काळाचे स्मरण करून देणाऱ्या या भाजीत मका आहे आणि लाल भोपळाही आहे. हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातील. १४९२ नंतरच्या सागरी दळणवळणातून, प्रामुख्याने पोर्तुगीजांमार्फत, ही पिके आपल्याकडे आली. उपवासाचे रताळे, बटाटा, शेंगदाणा हीही त्याच खंडाची देणगी. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. तेथे तो आजही मृतांच्या सणाचे फूल आहे. संध्याकाळी अंगण खुलविणारी गुलबक्षी अमेरिकेची, तर सदाफुली मादागास्करची. व्रतांनी या पाहुण्यांना केव्हा घरात घेतले, याची तारीख कोठेही नाही. विध्यर्थातील नोंदवहीचे हे वैशिष्ट्य आहे : तीत जुनी ओळ खोडली जात नाही, तिच्यात नवे रोप लावले जाते, आणि पुढच्या वर्षी ते जुनेच वाटू लागते.

या दृष्टीने मराठीतील सर्वांत प्रसिद्ध परसाचा, म्हणजे सावता माळ्यांच्या मळ्याचा, विचार करता येतो. सावतोबा हे सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे, नामदेवांचे समकालीन. परंपरेने त्यांचा समाधिकाल १२९५ मानला आहे. ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, आणि म्हणून पांडुरंगाची पालखी अरणला येते, अशी श्रद्धा आहे. मळ्यातील भाज्यांची नावे घेत त्यांत विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग सर्वतोमुखी आहे. त्याच्या प्रचलित पाठात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्याबरोबर मिरचीही येते.

मिरची तेराव्या शतकात भारतात असणे शक्य नव्हते. वास्को द गामा कालिकतला १४९८ मध्ये पोहोचला आणि गोवा पोर्तुगीजांच्या हाती १५१० मध्ये गेला. मिरचीचा भारतप्रवेश त्यानंतरचा. मग या पाठाचे काय करावयाचे? तीन मार्ग संभवतात. पहिला : मूळ शब्द ‘मरीच’ या अर्थाचा, म्हणजे मिऱ्याचा वाचक असावा. भाषाशास्त्रीय दृष्ट्या हे असंभाव्य नाही, कारण दक्षिण आणि पश्चिम भारतात या नव्या फळाने मिऱ्याचेच नाव घेतले आहे. तमिळमध्ये मिरे म्हणजे ‘मिळगु’ आणि मिरची म्हणजे ‘मिळगाय’. कन्नडमध्ये ‘मेणसु’ आणि ‘मेणसिनकायि’. कोकणीतील ‘मिरसांग’ या शब्दाचीही मिरी आणि शेंग अशी फोड केली जाते. हिंदीला तर काळी आणि लाल एवढाच भेद पुरतो. परंतु मिऱ्याचा वेल हा दमट, भरपूर पावसाच्या प्रदेशातला. अरणसारख्या अवर्षणप्रवण गावच्या मळ्यात, कांदा-मुळ्याच्या ओळीत तो कसा रुजावा? दुसरा मार्ग : अभंगच उत्तरकालीन असून सावतोबांच्या नावावर चढला. तिसरा : अभंग जुना, पण गाणाऱ्यांच्या मुखात त्यात मिरची शिरली.

दुसरा किंवा तिसरा मार्ग स्वीकारला तर पाठचिकित्सेच्या प्रचलित भाषेत मिरची हा ‘प्रक्षेप’ ठरेल आणि शुद्ध पाठातून ती उपटून टाकण्याचा मोह होईल. माझ्या मते ती उपटण्यापूर्वी थांबावयास हवे. ज्यांनी हा अभंग शतकानुशतके गायिला ते बहुसंख्येने शेतकरी आणि माळी होते. आपल्या वाफ्यात जे उगवले आहे ते विठ्ठलरूप आहे, हा अभंगाचा आशय त्यांनी शब्दशः घेतला. वाफ्यात मिरची आली तेव्हा ती अभंगातही आली. सोळाव्या शतकातील कन्नड संतकवी पुरंदरदास यांच्या नावावरील एका पदात मिरचीचे वर्णन असल्याकडे अन्न-इतिहासकार के. टी. अचया यांनी लक्ष वेधले आहे. भक्तिपरंपरा नव्या फळाला आपल्या पदांत घेत होती, याचे हे शेजारचे उदाहरण. तेव्हा सावतोबांच्या अभंगातील मिरची हा कालविपर्यास खराच, पण तीच मराठी परसाच्या वहीतील एक अस्सल, फक्त तारीख नसलेली, नोंदही आहे. चिकित्सक आवृत्तीने पाठाच्या स्तरांचा निर्णय अवश्य करावा; मात्र वगळलेल्या स्तराला मळ म्हणून टाकू नये. एतद्देशीय आणि परकीय यांच्या सीमा आखण्याची घाई ज्यांना असते, त्यांनी तर हा अभंग गाताना त्या शब्दावर क्षणभर थांबावे.

५

अखेरीस या निबंधाच्या उगमाविषयी. अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीत वास्तव्यास आल्यावर निवासाच्या मागील सुमारे आठ फूट रुंद पट्ट्यात मी मेथी, मुळा, झेंडू आणि गावाकडून आणलेल्या बियांची मिरची लावली, आणि व्हाइटच्या धर्तीवर वही ठेवली. आमच्याकडच्या सवयीने कार्तिकात पेरलेली मिरची उगवली, पण पौषाच्या धुक्यात महिनाभर तिने नवे पान काढले नाही. रोपे गेली असे समजून मी ती उपटणार होतो. आवाराचे काम पाहणाऱ्या माळीबुवांनी मला थांबविले आणि फाल्गुनापर्यंत वाट पाहण्यास सांगितले. फाल्गुनात रोपे तरारली, चैत्रात फुलली, आणि उष्ण वारे सुरू होण्यापूर्वी पहिला तोडा मिळाला.

उन्हाळ्यात हा निबंध लिहिण्यासाठी ती वही पुन्हा वाचली. पेरणी, उगवण, फूल, फळ, सारे तारखेनिशी होते. परगावच्या व्याख्यानांसाठी मी दोनदा आठवडाभर बाहेर होतो. त्या काळात रोपांना पाणी कोणी घातले, याची मात्र एकही ओळ नव्हती. फाल्गुनापर्यंत थांबण्याचा सल्लाही ‘रोपे ठेवण्याचे ठरविले’ अशा कर्तृहीन वाक्यात मी नोंदविला होता. जेफर्सनच्या वहीवर जो आक्षेप मी वर घेतला आहे, तो माझ्या वहीलाही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून परसाचा इतिहास लिहिताना वह्या वाचाव्यातच. पण त्यांच्याबरोबर आज्ञापत्रातील राख, ऋषिपंचमीचे पातेले, आणि गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या यांनाही नोंद म्हणून वाचावे लागेल. तारीख नसलेल्या या नोंदींचे वाचन अवघड आहे, आणि त्यांची पद्धती अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. त्या पद्धतीचा प्रारंभ अभंगातील मिरचीपासून करता येईल, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. माझ्या वहीत मी आता चौथा स्तंभ आखला आहे.