माल्बोर्कचा किल्ला

पोलंडांत नोगात नदीच्या तीरीं माल्बोर्क हा ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांच्या संघाचा विटांचा किल्ला आहे. इ. स. १३०९ त संघाच्या महाप्रमुखाचें ठाणें व्हेनिसहून येथें आलें व किल्ल्याचा उत्कर्षकाल सुरू झाला. १४१० त ग्रुनवाल्ड येथें संघाचा मोड होऊन पोलंडच्या राजानें यास वेढा घातला. तथापि किल्ला हातीं आला नाहीं. पुढें पगार थकले, तेव्हां संघानें किल्ला भाडोत्री शिपायांस तारण दिला. त्यांनीं तो १४५७ त पोलंडच्या राजास विकला! १९४५ च्या लढाईंत सुमारें निम्मी वास्तु ढासळली; आजची वास्तु जीर्णोद्धारित होय. तींतून वैभव कळतें. ऱ्हासाचें कारण मात्र थकलेल्या पगारांतच शोधलें पाहिजे, असें आमचें मत आहे.