बॅकअप फेल गेला, पण मेल आलाच नाही! जॉब नोटिफिकेशनचा घोळ नेमका कुठे होतो?

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. प्रोग्रामर लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटलॅबच्या एका इंजिनिअरने डेटा डिलीट करायची कमांड चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवर चालवली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी डेटा उरला होता.

ठीक आहे, रोजचा बॅकअप असेलच की! टीमनेही तोच विचार केला. बॅकअपची जागा उघडून पाहिली तर ती रिकामी. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६ आणि बॅकअप घेणारं टूल चालत होतं ९.२ चं, त्यामुळे तो जॉब सुरू होऊन लगेच फेल व्हायचा.

मग कुणाला कळलं कसं नाही? जॉब फेल झाला की मेल जायचा. पण गिटलॅबने आपल्या डोमेनला डीमार्क लावलं होतं, म्हणजे आमच्या नावाने आलेला पण ओळख न पटणारा मेल स्वीकारू नका, अशी सूचना. जॉबचे मेल या नियमात बसत नव्हते, म्हणून समोरचा सर्व्हर ते नाकारत राहिला. शेवटी सहा तास आधी भलत्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. साइट जवळपास १८ तास बंद होती आणि कंपनीच्या अंदाजानुसार ५ हजार प्रोजेक्ट, ५ हजार कॉमेंट आणि सुमारे ७०० युजर अकाउंट गेली.

तुमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर तिथेही असंच होऊ शकतं. फक्त कारणं बहुतेक वेळा याहून साधी असतात.

आधी टेस्ट मेल पाठवा

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ठरलेल्या वेळी जॉब चालवतो तो 'एजंट' आणि मेल पाठवतं ते 'डेटाबेस मेल'. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि गोंधळ सुरू होतो तो इथेच. डेटाबेस मेलवर राइट क्लिक करून टेस्ट मेल पाठवा. तो आला, पण जॉबचा येत नसेल, तर दोष एजंटच्या बाजूला आहे.

अशा वेळी जॉबची हिस्टरी उघडा. ऑपरेटरला ईमेलने कळवता आलं नाही, अशी ओळ तिथे दिसली तर एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अलर्ट सिस्टीम' या पानावर जा. तिथे मेल प्रोफाइल चालू करून योग्य प्रोफाइल निवडावं लागतं. डेटाबेस मेल व्यवस्थित लावलं की हे आपोआप होत असेल, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. आणि बदल केल्यावर एजंट सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे राहून गेल्यामुळे सगळं बरोबर असूनही अख्खा दिवस डोकं खाजवणारे कमी नाहीत! (रीस्टार्ट करताना एखादा जॉब चालू नाही ना, तेवढं बघा.)

हिस्टरीत तशी ओळच नसेल तर जॉबच्या 'नोटिफिकेशन्स' पानावर ईमेलची खूण केली आहे का, ऑपरेटर निवडला आहे का, हे पाहा. ऑपरेटर डिसेबल तर नाही? की त्याचा पत्ता दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा आहे? म्हणून एका माणसाऐवजी टीमचा ग्रुप पत्ता टाकलेला बरा.

टेस्ट मेलच आला नाही तर?

डेटाबेस मेलचा लॉग उघडा. कनेक्ट होता आलं नाही असं असेल तर सर्व्हरचं नाव, पोर्ट (बऱ्याचदा ५८७) किंवा फायरवॉल. लॉगिन नाकारलं असेल तर पासवर्ड. जीमेलचं खातं वापरत असाल तर मे २०२२ पासून बहुतेक खात्यांचा नेहमीचा पासवर्ड अशा जोडणीला चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'सेंट'. लॉगमध्ये तो दिसला तर मेल तुमच्या मेल सर्व्हरकडे पोचला, एवढाच त्याचा अर्थ. इनबॉक्सपर्यंत गेला की नाही, हे एसक्यूएल सर्व्हरला माहीत नसतं. तिथून पुढे स्पॅम फोल्डर, मग मेल सर्व्हरचा लॉग आणि डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तपासायचं. गिटलॅबचा मेल याच टप्प्यावर अडकला होता.

आणि एजंटच बंद पडला तर? जॉब चालणारच नाही, मग फेल झाल्याचा मेल तरी कोण पाठवणार? त्यामुळे बॅकअपसारख्या जॉबला 'पूर्ण झाल्यावर मेल' लावा, म्हणजे सकाळी मेल दिसला नाही की शंका येईल. रोज मेल बघायचा कंटाळा येतोच. म्हणून शेवटचा बॅकअप २४ तासांहून जुना आहे का, हे दुसऱ्या मशीनवरून तपासणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. आणि तिचा निरोप ईमेलऐवजी दुसऱ्या मार्गाने, म्हणजे एसएमएस किंवा चॅटवर येऊ द्या.