माणसाएवढे उंच टॉवर स्पीकर : लोक त्यावर लाखो रुपये का घालतात आणि नेमकं ऐकतात काय?

अमेरिकेतल्या युटा राज्यात विल्सन ऑडिओ नावाची कंपनी आहे. डेव्ह विल्सन या माणसाने ती उभी केली आणि २०१८ मध्ये जाण्याआधी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम म्हणून एक स्पीकर बनवला, 'वॅम मास्टर क्रोनोसॉनिक'. उंची सात फुटांहून जास्त, एकेका स्पीकरचं वजन चारशे किलोंच्या घरात. फक्त ७० जोड्या बनणार असं कंपनीने जाहीर केलं आणि एका जोडीची किंमत ठेवली ६ लाख ८५ हजार डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण साडेचार कोटी रुपये. अँप्लिफायर वेगळा घ्यायचा, गाणी वाजवायचं यंत्र वेगळं, वायरी वेगळ्या.

असा आकडा वाचला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, 'पैसा जास्त झालाय'. दोन, 'यात असं काय ऐकू येतं?' पहिलीवर बोलण्यात अर्थ नाही. दुसरी मात्र जगभरातल्या हौशी मंडळींना गेली सत्तर वर्षं एकमेकांशी भांडायला लावते आहे.

आधी हे समजून घेऊ की टॉवर स्पीकर म्हणजे काय.

जमिनीवर थेट उभा राहणारा, साधारण तीन ते चार फूट उंचीचा लाकडी खोका म्हणजे टॉवर. त्यात वेगवेगळ्या आकाराचे पडदे बसवलेले असतात. खालचे मोठे वुफर जाड आवाजासाठी, मधला मिडरेंज गळ्यासाठी आणि बहुतेक वाद्यांसाठी, वरचा इंचभराचा ट्विटर झांजेच्या किणकिणाटासाठी. आत क्रॉसओव्हर नावाची सर्किटची पाटी असते. कोणता सूर कोणत्या पडद्याकडे पाठवायचा ते ती ठरवते. चांगल्या आणि सुमार स्पीकरमधला बराचसा फरक या पाटीत आणि खोक्याच्या कडकपणात असतो. म्हणजे नेमका जो भाग शोरूममध्ये दिसत नाही, त्यात.

चुंबकाच्या पोकळीत तारेचं वेटोळं हलतं आणि त्याला चिकटलेला पडदा हवा ढकलतो, ही मूळ कल्पना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये नीट मांडली. शंभर वर्षं झाली, कोट्यवधींच्या स्पीकरमध्येही आत तेच चालतं.

मग एवढा मोठा खोका कशाला? याचं उत्तर हॉफमन यांच्या 'लोखंडी नियमा'त आहे. अँटन हॉफमन हे अमेरिकेच्या केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. नियम असा : छोटा खोका, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतील. तिसरीवर पाणी सोडावं लागेल. ब्लूटूथचा छोटा डबा दणदणीत बास देतो तेव्हा तो आतल्या अँप्लिफायरला घाम फोडून आणि इलेक्ट्रॉनिक युक्त्या करून देतो. टॉवरला तसं करावं लागत नाही, कारण त्याच्याकडे आत हवा भरपूर आहे. शिवाय छोटे स्पीकर कानाच्या उंचीवर आणायला स्टँड लागतोच. म्हणजे फरशीवरची जागा तेवढीच गेली. मग तीच जागा वरपर्यंत खोक्याने का भरू नये?

ऐकताना फरक कुठे कळतो?

उदाहरण घरचंच घेऊ. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर वाजते. मोबाइलचा स्पीकर हा सूर काढूच शकत नाही. तरी मोबाइलवर तंबोरा ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मेंदूची ही सवय नसती तर मोबाइलवर गाणी ऐकणं कठीण झालं असतं. टॉवरवर मात्र तो खर्ज प्रत्यक्ष हवेत असतो. डग्ग्यावर तळहाताने घसरत काढलेली मींड फक्त ऐकू येत नाही, तिचं वजन जाणवतं. आणि जवारीतून सुटणारी वरची झणकार ट्विटर चांगला असेल तर काचेसारखी टोचत नाही.

दुसरी गोष्ट आहे जागेची. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला आणि दोन्हीकडून एकसारखा आवाज आला की गायक मधोमध, जिथे कोणताच स्पीकर नाही तिथे, बसल्यासारखा वाटतो. तबला थोडा डावीकडे, पेटी उजवीकडे. हौशी लोक याला 'साउंडस्टेज' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण उठून मधे आणखी एक स्पीकर लपवलाय का ते पाहतात. यात जादू नाही. दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकांवरून दिशा ठरवायची मेंदूची पद्धत आहे, स्पीकर तिचा फायदा घेतो.

हे इतकं पटण्यासारखं होऊ शकतं याचा एक गाजलेला पुरावा आहे. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा वापर करून तुलनेने लहान स्पीकरमधून खोल बास काढला. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने पुढे 'फाइन आर्ट्स क्वार्टेट' या वादकांना घेऊन जाहीर कार्यक्रम केले. वादक वाजवत असायचे, मधेच ते नुसता अभिनय करायचे आणि आवाज स्पीकरमधून यायचा. कधी बदल झाला हे बहुतेक श्रोत्यांना सांगता यायचं नाही. ही साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आज स्पीकर विकताना 'प्रत्यक्ष मैफलीसारखा' म्हणणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवायला हवी.

दहा बाय बाराची खोली

आता अडचणीकडे येऊ. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बेडरूम साधारण दहा बाय बारा फूट. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास. या हिशोबाने ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब, म्हणजे खोलीच्या दुपटीहून जास्त. ती समोरासमोरच्या भिंतींवर आदळून मागे फिरते आणि काही सूर खोलीतच अडकतात. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा, दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा.

परिणाम काय? भिंतीला टेकून बसलात तर तो सूर घुमतो आणि बरोबर मध्यावर बसलात तर तोच सूर जवळजवळ गायब होतो. स्पीकर पाच लाखांचा असो की पन्नास हजारांचा, खोली दोघांनाही सारखंच वागवते. म्हणून मुरलेला हौशी माणूस नवीन स्पीकर घेण्याआधी जुना स्पीकर भिंतीपासून चार इंच पुढे ओढून बघतो, खुर्ची फूटभर सरकवतो, जाड सतरंजी अंथरतो, पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला लावतो. यातलं बहुतेक फुकट आहे. बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

छोट्या खोलीत मोठा टॉवर घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. जितका खोल बास, तितका खोलीचा त्रास जास्त. दहा बाय बाराला चांगले छोटे स्पीकर अनेकदा बरे पडतात, आणि हे टॉवरवाल्यांपैकी अनुभवी मंडळीही मान्य करतात.

भांडण नेमकं कशावर?

या छंदाला गंभीर वळण दिलं मासिकांनी. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' सुरू केलं, हॅरी पिअर्सन यांनी १९७३ मध्ये 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड'. त्यांचं म्हणणं, मोजमापाचे तक्ते सोडा, कानाने ऐका आणि लिहा. त्यातूनच 'गरम आवाज', 'हवेशीर ट्रेबल', 'काळीभोर शांतता' अशी भाषा तयार झाली. बाहेरच्या माणसाला ती हास्यास्पद वाटते. पण गाण्याच्या मैफलीतले आपले जाणकारही 'गोलाई', 'आस', 'लगाव' म्हणतातच. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं तर उसने शब्द घ्यावेच लागतात.

समोरच्या गटाचं म्हणणं, कान फसतात. त्यांचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे फ्लॉइड टूल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि १९९१ पासून हार्मन कंपनीत त्यांनी अनेक वर्षं लोकांना पडद्याआड स्पीकर ऐकवले. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग फार बोलका आहे. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. स्पीकर दिसू लागले तशी मोठ्या, भारदस्त स्पीकरना जास्त गुण मिळाले आणि छोट्या, स्वस्त संचाचे गुण घसरले. आवाज तोच होता. बदललं होतं ते फक्त डोळ्यांना दिसणारं. आणि हे आवाजाच्याच धंद्यातले लोक होते.

टूल यांच्या कामातून दुसरीही गोष्ट निघाली, आणि ती आशादायक आहे. डोळ्यांआड ऐकताना लोकांच्या आवडीनिवडी फारशा वेगळ्या नसतात. समोरून सपाट आणि बाजूंना गुळगुळीत उतरत जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो. आज स्पीकरभोवती ७० कोनांतून मोजमाप घेऊन हे तपासता येतं. म्हणजे चांगल्या स्पीकरचा मोठा भाग कागदावर दिसतो, आणि तो किमतीबरोबर वाढतोच असं नाही.

वायरीचा वाद तर वेगळाच. २००७ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने आव्हान दिलं : १२ फुटांच्या जोडीला ७,२५० डॉलर घेणारी स्पीकरची वायर आणि साधी वायर यातला फरक न पाहता ओळखा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एका नामांकित समीक्षकाने तयारी दाखवली, पण चाचणी झालीच नाही. दोन्ही बाजू आजही याचं खापर एकमेकांवर फोडतात. हिशोब मात्र साधा आहे. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा तीन मीटर लांबीला जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो, आणि स्पीकरचा असतो चार ते आठ ओहम. उरलेले पैसे कशाचे, हे ज्याचं त्याने ठरवावं. क्लिप्शहॉर्न हा १९४० च्या दशकातला प्रसिद्ध स्पीकर बनवणारे पॉल क्लिप्श कोटाच्या कॉलरमागे एक पिवळा बिल्ला लावून ठेवत. समोरचा अवास्तव दावे करायला लागला की कॉलर उलटून दाखवत. बिल्ल्यावर 'बकवास' या अर्थाची इंग्रजी शिवी होती.

गंमत म्हणजे ही भांडणंच या मंडळींना बांधून ठेवतात. जपानमध्ये काही हौशींनी वीज 'शुद्ध' हवी म्हणून अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्याच जपानमध्ये जॅझ किस्सा नावाची कॅफे आहेत. कॉफी घ्यायची, गप्प बसायचं आणि मालकाच्या अवाढव्य स्पीकरवर रेकॉर्ड ऐकायच्या. इचिनोसेकी गावातलं 'बेसी' १९७० पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. साडेचार कोटी नसणाऱ्यांनीही चांगला आवाज ऐकावा, यावर इतकं साधं उत्तर दुसरं नसेल.

आपल्याकडे काय?

भारतात हा छंद छोटा आहे, पण नवा नाही. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून स्पीकर बनवते. पुण्याच्या केडन्स कंपनीने ताणलेल्या पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशात विकले, हे पुण्यातही फारसं कुणाला माहीत नसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथून सुटे भाग आणून, सुताराकडून प्लायवूड कापून घेऊन घरीच स्पीकर बांधणारेही आहेत. याशिवाय जुन्या वस्तूंचा व्यवहार मोठा. एकाने 'अपग्रेड' केलं की त्याचा जुना टॉवर दुसऱ्याकडे जातो. बिघाड नसेल तर चांगला स्पीकर वीस-पंचवीस वर्षं सहज वाजतो. फक्त वुफरची फोमची कड आपल्या दमट हवेत झिजते. जुना घेताना ती बोटाने हलकेच दाबून बघावी.

या वर्तुळात बायका कमी दिसतात. बायकोला खोलीत काय चालेल यासाठी तिकडे खास विनोदी संज्ञाच आहे. विनोद जुना झाला. घराच्या हॉलमधली आठ चौरस फूट जागा कुणाला न विचारता व्यापली तर कुणीही वैतागेल.

आणि शेजारी. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. बास भिंतीतून आरपार जातो, गाणं जात नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या वाट्याला नुसतं धपधप येतं. कानांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ८३ झाला की मुदत निम्मी, २० तास.

ऐकायला दुकानात जाणार असाल तर स्वतःची, पाठ झालेली तीन-चार गाणी घेऊन जा. दुकानदाराच्या रेकॉर्डिंगवर सगळेच स्पीकर छान वाजतात. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी 'चांगला' वाटतो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं फुकट अ‍ॅप एवढ्यासाठी पुरतं. आणि शेवटचं गाणं डोळे मिटून ऐका, किमतीची पाटी वाचायच्या आधी.