प्रकाशमापक (छायाचित्रण)

प्रकाशमापक हे छायाचित्रणात उद्भासन, म्हणजेच रूढ भाषेत एक्स्पोजर, ठरवण्यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. व्यवहारात त्याला लाइट मीटर असे म्हणतात. दृश्यावर पडणारा किंवा दृश्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून, दिलेल्या फिल्मच्या संवेदनशीलतेसाठी भिंगाचे छिद्र किती उघडावे आणि शटर किती काळ उघडे ठेवावे, हे तो दर्शवतो. बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांत असा मापक अंगभूत असतो. या लेखात मात्र कॅमेऱ्यापासून वेगळ्या, हातात धरून वापरायच्या मापकाचा व त्याच्या निवडीचा विचार केला आहे.

डिजिटल कॅमेऱ्यात चूक तत्काळ पडद्यावर दिसते आणि पुन्हा छायाचित्र घेता येते. फिल्मवर ती रसायनात धुऊन झाल्यावरच कळते. १२० आकाराच्या फिल्मवर ६×६ सें.मी.च्या केवळ १२ चौकटी मिळतात, तर मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यात प्रत्येक छायाचित्रासाठी एक स्वतंत्र पत्रा खर्ची पडतो. अनेक जुन्या कॅमेऱ्यांना अंगभूत मापकच नाही आणि ज्यांना आहे त्यांतील बरेच निकामी झाले आहेत. त्यामुळे फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी हाती मापक आजही उपयुक्त ठरतो.

इतिहास

छायाचित्रणाच्या आरंभकाळात उद्भासन अनुभवाने किंवा छापील तक्त्यांवरून ठरवले जाई. पुढे प्रकाशसंवेदी कागद ठरावीक छटेपर्यंत काळा पडण्यास लागणारा वेळ मोजणारी छोटी उपकरणे आली. इंग्लंडमधील आल्फ्रेड वॉटकिन्स यांचा घड्याळासारखा दिसणारा ‘बी’ मापक त्यांपैकी प्रसिद्ध आहे. त्यानंतरच्या दृश्य-मापकांत क्रमाक्रमाने गडद होत जाणाऱ्या पट्टीतून पाहून शेवटचा वाचता येणारा अंक टिपावा लागे. डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळे ही पद्धत बेभरवशाची होती.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी सेलेनियमचा प्रकाशविद्युत घट असलेले मापक बाजारात आले. अमेरिकेतील वेस्टन कंपनीचा १९३२ मधील मापक हा त्यांतील महत्त्वाचा टप्पा होय. डॉन नॉरवूड यांनी घटावर दुधी रंगाचा अर्धगोल घुमट बसवण्याची कल्पना रूढ केली; ती रचना पुढे जपानच्या सेकॉनिक कंपनीच्या एल-३९८ या मापकात चालू राहिली. १९६० च्या दशकात कॅडमियम सल्फाइडचे आणि त्यानंतर सिलिकॉन फोटोडायोडचे मापक प्रचारात आले.

आपाती आणि परावर्तित मापन

मापक निवडताना सर्वांत आधी समजून घ्यायचा भेद हाच आहे. परावर्तित प्रकाशाचा मापक कॅमेऱ्याच्या जागेवरून विषयाकडे रोखतात. समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो. चुन्याने रंगवलेली भिंत सुमारे ९० टक्के प्रकाश परावर्तित करते. १८ टक्क्यांच्या करड्या पत्र्याच्या तुलनेत हे पाचपट होते. मापकाचे म्हणणे जसेच्या तसे मानले, तर ती भिंत दोन स्टॉपांहून थोडी अधिकच गडद, मळकट करडी उमटते. याउलट सह्याद्रीतील काळ्या बेसाल्टात कोरलेल्या लेण्यांसमोर तोच मापक जास्त उद्भासन सुचवतो आणि काळा पाषाण फिकट दिसू लागतो. उपकरणात दोष नसतो. त्याला विषयाचा रंग ठाऊक नसतो, इतकेच.

आपाती प्रकाशाचा मापक विषयाजवळ धरून त्याचा घुमट कॅमेऱ्याकडे वळवतात. तो विषयावर पडणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे विषय पांढरा आहे की काळा याचा परिणाम होत नाही. व्यक्तिचित्रे, स्टुडिओ आणि चित्रपटाचे चित्रीकरण यांत म्हणूनच ही पद्धत रुळली आहे. तिची अडचण उघड आहे: विषयावर जो प्रकाश आहे तोच प्रकाश मापकावरही पडला पाहिजे. छायाचित्रकार झाडाच्या सावलीत आणि समोरचा डोंगर उन्हात असेल, तर सावलीतले मोजमाप कामाचे नाही. दोन पावले उन्हात जाऊन मापन करावे लागते. दिवे, सूर्यास्ताचे आकाश, रंगीत काच अशा स्वयंप्रकाशी किंवा पारदर्शी विषयांना तर ही पद्धत लागूच पडत नाही.

परावर्तित मापकाचा एक विशेष प्रकार म्हणजे बिंदुमापक किंवा स्पॉट मीटर. साध्या परावर्तित मापकाचा दृष्टिकोन ३० ते ४० अंशांचा असतो, तर बिंदुमापकाचा साधारण १ अंश. दृश्यातील सर्वांत गडद व सर्वांत उजळ भाग त्याने वेगवेगळे मोजता येतात. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीला असेच मापन सोयीचे आहे. या पद्धतीत, जिच्यातील तपशील दिसायला हवा अशी सावली मोजून तिला तिसऱ्या झोनमध्ये ठेवतात, म्हणजे मापकाने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी उद्भासन देतात. पेंटॅक्सचा डिजिटल स्पॉटमीटर या कामासाठी दीर्घकाळ नावाजलेला आहे. मात्र कोणता भाग कोणत्या झोनमध्ये ठेवायचा याचा निर्णय ज्याला घेता येत नाही, त्याच्या हातात बिंदुमापक साध्या मापकापेक्षा अधिक चुका घडवतो.

संवेदक आणि बॅटरी

सेलेनियमचा घट प्रकाशापासून स्वतःच वीज निर्माण करतो. त्याला बॅटरी लागत नाही. मंद प्रकाशात मात्र तो दुबळा पडतो आणि दमट हवेत, वर्षानुवर्षांच्या वापरानंतर त्याची क्षमता घटते. कोकणासारख्या किनारी प्रदेशात ठेवलेला जुना सेलेनियम मापक तपासल्याशिवाय विश्वसनीय मानू नये. सध्याच्या एल-३९८ए मध्ये सेलेनियमऐवजी अस्फटिकी सिलिकॉनचा घट वापरला आहे, तरीही त्याला बॅटरीची गरज नाही.

कॅडमियम सल्फाइडचा संवेदक बराच अधिक संवेदनशील असतो. जर्मनीतील गोसेन कंपनीचा लुनासिक्स हा मापक तर चंद्रप्रकाशही मोजू शकणारा म्हणून गाजला. या संवेदकाला ‘स्मृती’ असते: प्रखर उजेडातून अंधारात नेल्यावर तो काही काळ चुकीचे वाचन दाखवतो. दुसरी अडचण बॅटरीची आहे. या काळातील बरेच मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्या बॅटऱ्यांची विक्री पर्यावरणीय कारणांमुळे बंद झाली. त्यांच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसवल्यास अनेक मापकांचे वाचन चुकते, आणि ती जसजशी उतरत जाते तसतशी चूकही बदलते. झिंक-एअर बॅटरीचे व्होल्टेज जवळपास योग्य असते, पण ती अल्पायुषी ठरते.

सिलिकॉन फोटोडायोड जलद प्रतिसाद देतो आणि त्याला स्मृतिदोष जवळजवळ नसतो. फ्लॅशचा क्षणिक झोत मोजणारे मापकही याच प्रकारचे असतात.

मूल्ये आणि प्रमाणीकरण

अनेक मापक वाचन उद्भासनमूल्यात, म्हणजे ईव्हीमध्ये देतात. एफ/१ छिद्र आणि १ सेकंद हे शून्य ईव्ही. प्रत्येक पुढच्या अंकाला उद्भासन निम्मे होते. आयएसओ १०० ला भर उन्हातील दृश्य सुमारे १५ ईव्हीचे असते, म्हणजेच एफ/१६ आणि १/१२५ सेकंद. रात्री घरातील साध्या दिव्यांच्या उजेडात हेच मूल्य ४ ते ६ पर्यंत उतरते. मापकाची खालची मर्यादा या दृष्टीने पाहावी. एल-३९८ए ची आपाती मर्यादा ४ ईव्हीपाशी संपते. म्हणजे दिवेलागणीनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. सेकॉनिकच्याच एल-३०८ मालिकेतील मापक शून्य ईव्हीपर्यंत मोजतात.

दोन उत्तम मापकांची वाचनेही तंतोतंत जुळतीलच असे नाही. परावर्तित मापनासाठीचा स्थिरांक काही उत्पादक १२.५ धरतात, तर काही १४. हा फरक सुमारे एक-षष्ठांश स्टॉपचा आहे आणि व्यवहारात दुर्लक्षणीय आहे.

निवडीचे निकष

रंगीत पारदर्शिका, म्हणजे स्लाइड फिल्म, अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवून देते. निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप जास्त उद्भासन सहज पचवते, कमी उद्भासन मात्र नाही. केवळ निगेटिव्ह फिल्म वापरणाऱ्याला म्हणूनच महागड्या मापकाची निकड नसते. आपाती आणि परावर्तित अशी दोन्ही मापने करणारा, सहज मिळणाऱ्या बॅटरीवर चालणारा सिलिकॉन मापक बहुतेकांना पुरेसा होतो. एल-३०८ मालिका एका साध्या एए बॅटरीवर चालते, ही प्रवासात मोठीच सोय आहे. स्टुडिओत फ्लॅश वापरायचा असल्यास फ्लॅशमापनाची सोय अनिवार्य ठरते. साधा मापक तो झोत पकडू शकत नाही. चित्रपट-चित्रीकरणासाठी प्रतिसेकंद चौकटींची मापनश्रेणी लागते: २४ चौकटी आणि १८० अंशांचे शटर असल्यास उद्भासनकाळ १/४८ सेकंद होतो.

काटा आणि फिरती तबकडी असलेल्या मापकावर छिद्र व वेळ यांच्या सर्व जोड्या एकाच वेळी दिसतात. शिकणाऱ्याला हे अंकदर्शी पडद्यापेक्षा अधिक बोलके वाटते. १/२५, १/५०, १/१०० अशी जुनी वेगश्रेणी असलेल्या कॅमेऱ्यासोबतही तबकडीवर अंदाज घेणे सोपे जाते.

स्मार्टफोनवरील उपयोजने कॅमेऱ्याच्या साह्याने परावर्तित मापन करतात. दिवसाच्या साध्या दृश्यांत, निगेटिव्ह फिल्मसाठी ती कामचलाऊ असतात. त्यांचे आपाती मापन फोनच्या पुढील प्रकाशसंवेदकावर अवलंबून असते व त्याला घुमट नसल्याने ते कमी विश्वसनीय असते.

जुना मापक घेताना

जुन्या मापकाचे एकाच ठिकाणचे वाचन बरोबर आले म्हणून तो ठीक आहे, असे होत नाही. एकसारखा प्रकाश असलेली साधी भिंत भर उजेडात, सावलीत आणि खोलीत अशी किमान तीनदा मोजून खात्रीच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहावी. तिन्ही वेळा चूक सारखीच असेल, उदाहरणार्थ एक स्टॉप, तर आयएसओची मांडणी बदलून ती भरून काढता येते. उजेडागणिक चूक बदलत असेल, तर मापक घेऊ नये. बॅटरीच्या कप्प्यातील गंज, पिवळा पडलेला घुमट आणि अंधारात शून्यावर न येणारा काटा ही आणखी काही लक्षणे होत.

सुरुवातीच्या वेस्टन मापकांवर त्या कंपनीचीच वेगश्रेणी असते. तिच्यातील ८० हे आजच्या १०० आयएसओला जवळचे आहे. जर्मन मापकांवरील २१ डिन म्हणजे १०० आयएसओ, आणि दर तीन अंशांना संवेदनशीलता दुप्पट होते. एल-३९८ सोबत येणारी जाळीदार पट्टी प्रखर उजेडासाठी असते. जुन्या मापकासोबत ती हरवलेली नाही ना, हे पाहावे, कारण तिच्याविना काटा उन्हात श्रेणीबाहेर जातो.

मर्यादा

हाती मापक भिंगातून पाहत नाही. पिवळा फिल्टर लावल्यास त्याच्या गुणकाप्रमाणे उद्भासन वाढवावे लागते. गुणक २ असल्यास एक स्टॉप. जवळून छायाचित्र घेताना भिंग फिल्मपासून दूर जाते आणि प्रकाश घटतो; विषय फिल्मवर मूळ आकाराएवढाच उमटत असेल, तर ही घट दोन स्टॉपांची असते. एका सेकंदाहून दीर्घ उद्भासनात बऱ्याच फिल्मची संवेदनशीलता कमी होते. मापकाने सांगितलेला काळ तेव्हा अपुरा पडतो आणि फिल्म-उत्पादकाच्या तक्त्यानुसार वाढवावा लागतो.