शाळेचा डबा कोणी भरायचा? जपानमधील एक लांबलेला वाद

शाळेच्या डब्याचा प्रश्न स्वयंपाकघरातच सुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. रात्री भाजी चिरून ठेवावी, कणीक मळून ठेवावी, पहाटे थोडे लवकर उठावे. जपानने हा प्रश्न स्वयंपाकघराबाहेर नेला. त्याला पासष्ट वर्षे लागली, आणि तरीही तो पुरता सुटला नाही. हा धागा त्या इतिहासाचा.

आरंभ १८८९ चा. यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे बौद्ध भिक्षू मंदिरात एक खासगी शाळा चालवीत. तेथील गरीब मुलांपाशी डबाच नसे. भिक्षूंनी भिक्षा मागून दुपारचे जेवण सुरू केले : भाताचे गोळे, भाजलेला खारवलेला सामन मासा आणि लोणचे. जपानी शालेय भोजनाचा उगम येथेच मानला जातो.

इतर मुले घरून ‘बेंतो’, म्हणजे डबा, नेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲल्युमिनियमचे हलके, चकचकीत डबे आले. मात्र भातावर ठेवलेल्या ‘उमेबोशी’ या खारवलेल्या आंबट फळातील आम्ल धातू खाई आणि झाकणांना भोके पडत. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पुढे ‘रिकेन’ या संशोधन संस्थेने ॲल्युमिनियमवर टिकाऊ थर चढविण्याची प्रक्रिया विकसित केली, तेव्हा कुठे हे डबे निर्धोक झाले.

डब्याचे दुसरे दुखणे असे सुटण्यासारखे नव्हते. झाकण उघडले की घराची ऐपत वर्गात उघडी पडे. झाकण आडवे धरून जेवणारी मुले ही त्या काळची नेहमीची आठवण होय. १९३२ मध्ये सरकारने गरीब मुलांच्या शालेय भोजनासाठी अनुदान दिले. १९३९ पासून महिन्याच्या पहिल्या दिवशी, युद्धातील सैनिकांच्या त्यागाची आठवण म्हणून, पांढऱ्या भाताच्या मधोमध एकच लाल उमेबोशी असलेला ‘हिनोमारू बेंतो’ नेण्याचा आग्रह सुरू झाला. डब्यात जणू राष्ट्रध्वजच! भरायला याहून सोपा डबा नाही, आणि पोषणाच्या दृष्टीने याहून दरिद्रीही नाही.

युद्ध संपले तेव्हा डब्यात घालायलाच काही उरले नव्हते. २४ डिसेंबर १९४६ रोजी टोकियो परिसरातील काही शाळांत ‘लारा’ या मदतसंघटनेने पाठविलेल्या अन्नातून भोजनाचा प्रयोग झाला. त्या मदतीत अमेरिका खंडांत स्थायिक झालेल्या जपानी लोकांचाही वाटा होता. मग युनिसेफची दुधाची भुकटी आली, अमेरिकन गव्हाचा पाव आला. त्या भुकटीच्या दुधाचा वास एका अख्ख्या पिढीला नकोसा झाला. पण ती पिढी तगली.

१९५१ मध्ये अमेरिकेचा निधी थांबला आणि भोजन बंद पडण्याची वेळ आली. ते चालू राहावे म्हणून देशभर मागणी उठली आणि १९५४ मध्ये शालेय भोजन कायदा झाला. इमारत, उपकरणे आणि स्वयंपाकी यांचा खर्च शाळा चालविणाऱ्या संस्थेचा, धान्य-भाजीचा पालकांचा, अशी त्याची वाटणी. पांढरे अंगरखे घालून पाळीपाळीने वर्गात वाढण्याचे काम मुलेच करू लागली. प्राथमिक शाळेतील मुलांच्या बहुतेक घरांतून रोजचा डबा हळूहळू नाहीसा झाला.

खरी मेख कायद्याच्या भाषेत होती. १९५६ मध्ये माध्यमिक शाळाही त्याच्या कक्षेत आल्या, परंतु नगरपालिकांनी भोजन देण्याचा ‘प्रयत्न करावा’, एवढेच बंधन होते. जेथे प्रयत्न झाला नाही, तेथे तेराव्या वर्षी मुलाचा डबा पुन्हा घरी परतला. योकोहामा हे त्याचे ठळक उदाहरण. घरचा डबा म्हणजे आईवडील आणि मूल यांच्यातील जिव्हाळ्याचा धागा, असे समर्थन तेथे दीर्घकाळ केले गेले. व्यवहारात तो धागा पहाटे उठून बहुधा आईच विणीत असे, मग ती नोकरीला जाणारी का असेना. जिव्हाळ्याचे हे कौतुक नगरपालिकेच्या तिजोरीलाही सोयीचे होते, हे नजरेआड करता येत नाही.

२०१६ मध्ये योकोहामाने मागणीनुसार विकतचा डबा पुरविण्याची सोय केली. एप्रिल २०२१ पासून त्यालाच कायद्याखालील शालेय भोजनाचे रूप मिळाले. ते जेवण बाहेर शिजून, डब्यात भरूनच शाळेत येई, आणि ते मागवायचे की पहाटे उठायचे हे प्रत्येक घराने आधी ठरवायचे होते.