डॅशबोर्डवरील अनामिक यंत्रे

‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल बग्गीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढील बाजूस जी फळी उभी केलेली असे, तिचे हे नाव. घोडे गेले, फळी राहिली. आणि इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे चालकास कळावे म्हणून तिच्यावर एकामागून एक यंत्रे बसू लागली. त्यांपैकी एखादे आज जुन्या गॅरेजच्या अडगळीत सुटे सापडते. तबकडीवरील अक्षरे पुसलेली, काटा गळालेला, गाडी कोणती तेही ठाऊक नाही. अशा वस्तूची ओळख कशी पटवावी?

तबकडीवर नाव वाचता आले तरी ते बहुधा गाडीचे नसते. इंग्लंडातील स्मिथ्स किंवा अमेरिकेतील स्ट्युअर्ट-वॉर्नर या कंपन्या अनेक मोटार कारखान्यांना यंत्रे पुरवीत. त्यामुळे जाणकार मनुष्य प्रथम ती वस्तू उलटी करून पाहतो. मागे लवचीक केबलीसाठी खोबण असेल तर ते वेगमापक. दोन जाड स्क्रू असून तबकडीचे शून्य मध्यभागी असेल तर बॅटरीत वीज भरते आहे की खर्च होते आहे हे सांगणारा अ‍ॅमीटर. फोर्डच्या ‘मॉडेल टी’वर तो १९१९ मध्ये आला. तेलाच्या दाबाचे आणि पाण्याच्या उष्णतेचे मापक मात्र फसवे असतात. दोहोंच्या पोटात बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये शोधलेली, दाबाने उलगडणारी वाकडी नळी असते. फरक एवढाच की, तेलमापकाची नळी पिळाच्या नटाने सोडवता येते, तर उष्णतामापकाची बारीक नळी कायमची डाख देऊन बंद केलेली असते. ती कापली की यंत्र निकामी.

सर्वांत अधिक गोंधळात टाकते ती काटा नसलेली उभी काचेची नळी. तिला तार नाही, केबल नाही. केवळ एक पोकळ बारीक नळी जोडलेली. पाहणारा तिला हवामानाचा तापमापक समजतो. वस्तुतः ते पेट्रोलचे मापक होय. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीत पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्याच मागे असे, म्हणून तरंगणाऱ्या बुचाचे मापक थेट टाकीतून डोकावत असे. १९३२ च्या गाड्यांत टाकी मागील बाजूस गेली आणि पातळीची वार्ता दूरवरून आणण्याचा प्रश्न उभा राहिला. किंग-सीली कंपनीच्या मापकाने तो हवेच्या साहाय्याने सोडवला. टाकीच्या तळाशी कोंडलेल्या हवेवर पेट्रोलचा दाब पडे. तो नळीवाटे पुढे येऊन काचेतील लाल द्रवास वर ढकली. हा द्रव पाण्याच्या सुमारे तिप्पट जड, तर पेट्रोल पाण्याहून हलके. म्हणून एक फूट पेट्रोलची उंची काचेत सुमारे तीन इंचांत मावे. नळीस बारीकशी गळती लागली की टाकी भरलेली असूनही मापक ती रिकामी दाखवी. पुढे विजेची मापके आली आणि ही युक्ती विस्मरणात गेली. आज द्रव नाहीसा झालेली ती काच हाती आली, तर कोणासही निरर्थक वाटावी.

इथवर निरीक्षण व तर्क पुरे पडतात. काही यंत्रांपुढे मात्र दोन्ही थकतात. अमेरिकेची ‘ड्यूसेनबर्ग मॉडेल जे’ ही गाडी डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. याच घराण्यातील ‘एसजे’ गाडी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी घेतली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी १९३६ मध्ये बांधली. ‘मॉडेल जे’च्या डॅशबोर्डवर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ब्रेकचा दाब दाखवणारी मापके होतीच, शिवाय काही लहान दिवे होते. इंजिनाबरोबर फिरणारी दंतचक्रांची एक पेटी ते लावी. ७०० मैल झाले की तेल बदलण्याची आणि १४०० मैलांनी बॅटरी तपासण्याची आठवण ते देत. अशी पेटी सुटी सापडली, तर दाते मोजता येतील. परंतु त्या दिव्याचा अर्थ ‘तेल बदला’ असा होता, हे कोणत्या चक्रावरून कळणार? ते गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग कारखाना बंद पडल्यावर विचारावयास दुसरे ठिकाणही उरले नाही.

नाव हरवलेली वस्तू फार काळ टिकत नाही. दुरुस्ती करणारा तिच्या जागी दुसरी बसवतो, गाडी पुन्हा चकचकीत होते, आणि त्या काळच्या कारागिराने एक अडचण कशी सोडवली होती याचा पुरावा भंगारात जातो. दुर्दैवाने मालकाची पुस्तिका, सुट्या भागांची यादी, कारखान्याची जाहिरात हे कागद कोणी वाङ्मय मानीत नाही. गाडी विकली की ते रद्दीत जातात. ग्रंथालयाच्या कपाटातही त्यांना क्वचितच जागा मिळते. एखाद्या घरात जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात अशी तेलकट डागांची पुस्तिका निघाली, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी ग्रंथपालास दाखवावी. कोठेतरी पडून असलेल्या एखाद्या अनामिक यंत्राचे नाव कदाचित तिच्याच पानावर असेल.