चष्मा उतरविणारा प्रकाश

जळगांव-धुळ्याकडील घरांत मुलगी उपवर झाली किंवा मुलगा भरतीस निघाला, कीं चष्म्याचा विषय निघतो, आणि लेझरचा बेत ठरला, तर पहिला प्रश्न असतो, "सर्वांत नवी रीत कोणती?" या रीतींचा इतिहास पाहतां "आपल्या डोळ्यास कोणती सोसेल?" हें आधीं विचारावयास हवें.

लेझर १९६० सालचा. परंतु तो या कामीं आला मद्रासेंत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन् यांच्यामुळें. अमेरिकेंत आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत, नोव्हेंबर १९८१ मध्यें, सणाच्या मेजवानींतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनीं एक्सायमर लेझरचा अतिनील किरण सोडला. भोंवतालचा भाग न करपतां स्वच्छ खांच पडली! एका झोतासरशीं मिलिमीटरचा सुमारें चार हजारावा भाग निघतो. आमच्या सराफ बाजारांतील गुंजेचा हिशेबही यापुढें ढोबळच.

डोळ्यापुढील पारदर्शक पटल मध्यभागीं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा बांक बदलला, कीं चष्म्याचें काम तेंच करतें. वाद आहे तो तेथवर पोंचण्याच्या वाटेचा. १९८८ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें मार्गरीट मॅक्डोनाल्ड या विदुषींनीं मनुष्याच्या देखत्या डोळ्यावर 'पीआरके' केली. तींत वरची नाजूक साल खरवडून किरण सोडतात. साल पुन्हां येते. पण तोंवर तीन-चार दिवस डोळा ठणकतो, आणि नजर स्थिरावण्यास आठवडे लागतात. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरील पॅलिकारिस यांनीं पटलाची पातळ झडप उचलून तिच्याखालीं किरण सोडला व झडप पुन्हां मिटविली. हीच 'लॅसिक'. बहुतेकांस दुसऱ्याच दिवशीं चांगलें दिसूं लागतें, म्हणून ती जगभर पसरली. मात्र झडप पूर्वीइतकी घट्ट कधींच सांधत नाहीं. मज्जातंतु तुटल्यानें डोळे कांहीं महिने कोरडे राहूं शकतात. आणि पटल मुळांतच पातळ असेल, तर तें पुढें फुगण्याचें भय.

तिसरी 'स्माइल', जर्मनींतील. तींत झडप नाहीं. दुसऱ्याच जातीचा लेझर पटलाच्या पोटांत भिंगासारखी चकती कोरतो, व ती बारीक छेदांतून ओढून काढतात. कोरडेपणा कमी होतो, परंतु ही रीत मुख्यत्वें दूरचें न दिसणाऱ्यांकरितां आहे.

राहिली चाळिशी. तिचें मूळ आंतील भिंग ताठर होण्यांत असल्यामुळें ती यांपैकीं कोणत्याही रीतीनें टळत नाहीं, हें पालकांनीं स्वतःपुरतेंही ध्यानीं ठेवावें!

नेत्रवैद्य आधीं पटलाची जाडी मोजतात, त्याचा नकाशा काढतात, आणि नंबर स्थिर आहे कीं नाहीं हें पाहतात. पटल पातळ असलेल्या तरुणास, किंवा डोळ्यावर मार बसण्याचा ज्यास नित्य संभव अशा कुस्तीगिरास, तिघींत वडील असलेली पीआरकेच अद्यापि पुष्कळदां सुचविली जाते.